दोन फुटांच्या समुद्रातला फौजदार



आमच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आहे हे कळलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "जैनांच्या घरात मासे?" मी म्हणते, सांभाळायला आहेत हो. मग दुसरा प्रश्न येतो, "पण कोंडून का ठेवलेत?" पहिल्या प्रश्नावर हसून पुढे जाता येतं. दुसऱ्यावर थांबावं लागतं. टाकीतल्या एका भांडखोर माशापायी मला या दुसऱ्या प्रश्नाचा बराच विचार करावा लागला. तो आज तुमच्यापुढे मांडते. तुमच्याकडे मुलं "मासे आणूया" म्हणून मागे लागली असतील, तर टाकीच्या रोजच्या व्यवहारातलं थोडंफार उपयोगीही पडेल.

टाकी आम्ही विकत घेतलेली नाही. ती माझ्या भाच्याची, म्हणजे नणंदेच्या मुलाची. त्याला बेंगळुरूला नोकरी लागली, तिथला घरमालक टाकी ठेवू देईना, आणि नणंदबाईंच्या घरी दिवसभर कुणी नसतं. त्याने सरळ आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना फोन केला. नातवाला आजी नाही म्हणेल का? शिवाय आम्ही नको म्हटलं असतं, तर ते जीव दुकानात परत गेले असते आणि तिथून पुढे कुठे, कोण जाणे. अशा रीतीने सांगलीत, समुद्रापासून इतक्या लांब, आमच्या घरात समुद्र आला.

हा समुद्र दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. दगड आणि वाळू वजा जाता पाणी साधारण ७५ लिटर. ते पाणी घरीच तयार करायचं असतं. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, टाकीसाठी मिळणारं समुद्री मीठ घालायचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आहे ना, हे छोट्या उपकरणाने पाहायचं. तापमान २५ ते २६ अंश. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं. आणि उन्हाळ्यात पाणी उडून गेलं, तर भर गोड्या पाण्याची घालायची, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. पाणी गाळून वापरण्यात जन्म गेलेल्या आपल्यासारख्या बायकांना हे काही अवघड नाही. अवघड होतं ते वेगळंच.

टाकीत चार मासे होते. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश, २००३ सालच्या 'फाइंडिंग नीमो' या सिनेमामुळे घरोघरच्या मुलांना माहीत झालेले. एक फायरफिश, तोंडाकडे पांढरट आणि शेपटीकडे लाल, पाठीवर एक लांब पर झेंड्यासारखा उभा. स्वभावाने अगदी भित्रा. आणि चौथा पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे असलेला डॅमसेल, बोटाच्या दोन पेरांएवढा. हा सकाळी दिवा लागला की चारी कोपऱ्यांत गस्त घालायचा, म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं फौजदार.

पहिले आठ दिवस आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं. मग दिसायला लागलं, की फायरफिश बिळातून बाहेर आला की फौजदार बाणासारखा त्याच्यावर जातो. खाणं टाकलं की आधी फायरफिशला हाकलतो आणि मग स्वतः खातो. क्लाउनफिश जोडीने राहायचे, मोठे होते, म्हणून वाचायचे. दहाव्या दिवशी फायरफिशचा पाठीवरचा पर फाटलेला दिसला. तो वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या नळीमागे उभा राहायला लागला आणि त्याचा श्वास जोरजोरात चालू होता. भाच्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "मामी, आधी टाकीवर जाळी टाका. फायरफिश घाबरला की उडी मारतो, आणि सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो." त्या रात्री मी दोनदा उठून टाकी पाहून आले. आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत एक पंचेंद्रिय जीव उपाशी आणि भेदरलेला आहे, या विचाराने झोप लागेना.

सासूबाई म्हणाल्या, "हा तंदुल मत्स्य आहे बघ." तुम्हाला ती कथा माहीत असेलच. महामत्स्याच्या कानात तांदळाएवढा मासा राहतो. महामत्स्याच्या उघड्या तोंडातून लहान मासे आत-बाहेर करताना तो पाहतो आणि मनात म्हणतो, याच्या जागी मी असतो तर एकालाही सोडलं नसतं. हाताने काही न करता, नुसत्या भावाने तो सातव्या नरकाचा बंध करतो. लहानपणी ही कथा ऐकताना मला त्या माशाची भीती वाटायची. पण फौजदाराकडे पाहताना मला ती लागू पडेना. तंदुल मत्स्याला सगळ्यांना गिळायचं होतं. फौजदाराला कुणालाच खायचं नव्हतं. त्याला फक्त समोरचा तिथून जायला हवा होता.

आणि नेमकं तेच या टाकीत शक्य नव्हतं. हे डॅमसेल आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांतही असतात. फांद्याफांद्यांच्या प्रवाळाचा एखादा झुपका धरून त्यांचा कळप राहतो आणि परका आला की त्याला हुसकावतो. तिथे परका चार हात दूर गेला की भांडण मिटतं. पाठलाग करणारा परत फिरतो, पळणारा दुसरा झुपका शोधतो. आमच्या टाकीत पळणारा दोन फुटांवर काचेला आपटायचा आणि पुन्हा फौजदाराच्याच हद्दीत यायचा. फौजदाराच्या दृष्टीने परका जातच नव्हता, म्हणून त्याचा पाठलागही संपत नव्हता. त्यात भाच्याने टाकी सुरू करताना सगळ्यात आधी यालाच आणलेलं. डॅमसेल चिवट असतो, नव्या टाकीच्या कच्च्या पाण्यात टिकतो, म्हणून पूर्वी पुष्कळ जण असंच करत. पण पहिला आलेला मासा सगळी टाकी आपली समजतो. नंतर येणारे त्याच्या लेखी घुसखोरच. म्हणूनच जाणकार सांगतात, की सगळ्यात गरीब स्वभावाचा मासा आधी सोडावा आणि भांडखोर सगळ्यात शेवटी.

सल्ले भरपूर मिळाले. एकाने सांगितलं, काचेला बाहेरून आरसा लावा, तो आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसेल आणि दुसऱ्याला सोडेल. हा उपाय लोक करतात आणि थोडा वेळ तो चालतोही. पण एका जिवाला दिवसभर खोटा शत्रू दाखवून चिडवत ठेवायचं, हे माझ्या मनाला पटेना. दुसऱ्याने सांगितलं, आणखी दोन-तीन डॅमसेल आणा, म्हणजे मार वाटला जाईल. मोठ्या टाकीत याला काही अर्थ असेलही. दोन फुटांत म्हणजे आगीत तेल.

तिसरा सल्ला सासूबाईंचा होता आणि तोच सगळ्यात अवघड होता. त्या म्हणाल्या, "नेमिनाथ भगवंतांनी लग्नाच्या मांडवाशी कोंडलेले पशू पाहिले आणि सगळं सोडून निघाले. तुला एक मासा सोडवत नाही? रत्नागिरीला जाऊन समुद्रात सोड." अभयदानाची आपली परंपरा. याला नाही कसं म्हणायचं? पण मी त्यांना समजावलं, की टाकीतला मासा समुद्रात सोडणं हे अभयदान होईलच असं नाही. त्याला ज्या प्रवाळात राहायची सवय, तो त्या किनाऱ्याला मिळेलच असं नाही. शिवाय टाकीतले रोग त्याच्याबरोबर समुद्रात जातात. आणि परक्या पाण्यात सोडलेला मासा टिकला, तर आणखीच वाईट. हिंदी आणि प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ दिसला. पाळणाऱ्यांनी सोडलेल्या माशांपासूनच तो तिथे पसरला असं मानतात. आज तो सगळ्या कॅरिबियन समुद्रात आहे आणि तिथल्या माशांची पिल्लं फस्त करतो. एकाला सोडताना किती जिवांचं मरण आपण सोडतो आहोत, हे हिशेबात धरायला नको का? सासूबाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग जागा शोध त्याच्यासाठी. पण तोवर त्या लालशेपट्याला खायला मिळालं पाहिजे."

तोवर काय केलं, ते क्रमाने सांगते.

पहिलं म्हणजे पाहिलं. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर चार दिवस टिपलं: पाठलाग कधी होतो, कुठे होतो, किती वेळ चालतो. डाव्या हाताच्या मोठ्या दगडाभोवती आणि खाण्याच्या वेळी सगळ्यात जास्त, असं निघालं.

दुसरं, खाण्याची पद्धत बदलली. एकदम भरपूर टाकण्याऐवजी दिवसातून तीन वेळा थोडं थोडं, आणि एकाच वेळी दोन टोकांना. फौजदार एका टोकाला गुंतला की दुसऱ्या टोकाला फायरफिशच्या बिळापाशी लांब नळीने दोन दाणे सोडायचे. लहान टाकीत जास्त खाणं टाकून उपयोग नसतो. उरलेलं कुजलं की पाण्यात अमोनिया वाढतो आणि भांडणाआधी तोच सगळ्यांना मारतो.

तिसरं, दगडांची रचना बदलली. हद्द ही माशाच्या डोक्यात दगडांच्या खुणांनी बांधलेली असते. खुणा हलल्या की घडीभर सगळेच नवखे होतात. हे दगड मात्र नुसते दगड नसतात. त्यांत किडे, इवली कोळंबीसारखी जनावरं आणि पाणी स्वच्छ ठेवणारे अगणित सूक्ष्म जीव असतात. म्हणून ते बाहेर न काढता पाण्यातल्या पाण्यात सावकाश सरकवले आणि डळमळत नाहीत ना, हे हाताने तपासलं. दोन्ही टोकांना वेगवेगळी बिळं होतील आणि मधे दगडांची भिंत येऊन एकमेकांना एकमेक दिसणार नाहीत, अशी मांडणी केली. चार दिवस शांतता लाभली. पाचव्या दिवशी फौजदाराची गस्त पुन्हा सुरू झाली.

चौथं, त्याला वेगळं काढलं. भोकं पाडलेली पारदर्शक पेटी टाकीतच लटकवता येते. पाणी तेच राहतं, फक्त जाण्या-येण्याला अटकाव होतो. सगळ्यांना वाटतं मार खाणाऱ्याला पेटीत ठेवावं. पण मग मारणाऱ्याचं राज्य आणखी पक्कं होतं. पेटीत घालायचं ते मारणाऱ्याला, म्हणजे इतरांना टाकी फिरून पाहता येते. त्याला पकडायला जाळी कामाची नाही, तो दगडांत शिरतो. पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवलं, तळाशी खाण्याचे दाणे टाकले आणि दोरीने बाटली खाली सोडली. अर्ध्या तासात फौजदार आपण होऊन आत.

त्या आठवड्यात फायरफिश पहिल्यांदा टाकीच्या मधोमध आला आणि तिथे पाण्याच्या प्रवाहात स्थिर उभा राहून खाऊ लागला. पाठीवरचा पर हळूहळू भरून आला. सासूबाई सामायिक आटोपून रोज आधी टाकीपाशी जाऊन यायच्या.

पेटी हे काही कायमचं घर नाही. तीन आठवड्यांनी भाच्याच्या ओळखीने कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडे पाच फुटांच्या टाकीत जागा निघाली. तिथले मासे याच्यापेक्षा मोठे आणि याला घाबरणारे नव्हते. प्रवासाच्या आदल्या दिवशी माशाला खायला देत नाहीत, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे त्याचा उपास." दुहेरी पिशवी, तिसरा हिस्सा पाणी, बाकी हवा, वरून थर्माकोलचा डबा. अशा थाटात फौजदार कोल्हापूरला बदलून गेले.

आता सगळं शांत होईल असं आम्ही धरून चाललो होतो. दोन दिवसांनी मोठा क्लाउनफिश फायरफिशवर धावून गेला. मी हात घातला तर बोटालाही टोचलं. भाचा म्हणाला, ती मादी आहे. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच जन्मतात. गटातला सगळ्यात मोठा, वरचढ असतो तो मादी होतो, आणि ती मेली तर तिचा नर पुढे मादी होतो. आधी फौजदाराच्या दराऱ्यात ती दबून होती. तो गेला तशी तिने हद्द आखली. हे पाहून मला एक गोष्ट लख्ख दिसली. आम्ही सगळे फौजदाराला वाईट म्हणत होतो. तो गेला, पण त्याची जागा रिकामी राहिली नाही. म्हणजे खोट एका माशात नव्हती, त्या दोन फुटांत होती. सुदैवाने क्लाउनफिशची हद्द छोटी असते. आपल्या कोपऱ्यापासून वीतभर पलीकडे ती जात नाही. फायरफिशचं बीळ अगदी दुसऱ्या टोकाला होतं, म्हणून निभावलं.

याच दिवसांत दशलक्षण पर्व आलं. सातव्या दिवशी मंदिरात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय झाला आणि अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पुन्हा कानावर पडले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अंग छाटणं, झेपेल त्याहून जास्त भार घालणं, अन्नपाणी तोडणं. माझ्या आजोबांच्या गोठ्यात हे बैलांसाठी पाळलं जायचं. मी बसल्या जागी ते टाकीला लावून पाहिलं. लहान टाकीत जास्त मासे, हा अतिभार. एकाच्या दहशतीने दुसऱ्याचं खाणं बंद, हा अन्नपाननिरोध. तो मासा मासाच करतो खरा, पण कोंडणारे आपण आहोत, म्हणून तो आपल्याही खात्यावर चढतो. फाटलेला पर, हा छेद. या तिन्हींवर उपाय आहेत: मासे कमी करा, खाणं वाटून द्या, आडोसे उभे करा. राहिला बंध. त्यावर उपाय नाही. टाकी म्हणजेच बंध.

खाण्याचंही असंच. माशांच्या दाण्यांच्या डब्यावर घटक वाचले, तर त्यात माशाचं पीठ आहे. क्लाउनफिश शेवाळही खातात, पण फायरफिश समुद्रात पाण्यातले सूक्ष्म प्राणी खाऊन जगतो. त्याला नुसत्या वनस्पतीवर ठेवणं म्हणजे माझ्या नियमासाठी त्याचा अन्नपाननिरोध. म्हणून तो डबा स्वयंपाकघराबाहेर, वेगळ्या कप्प्यात असतो, त्याचा चमचा वेगळा. दाणे टाकते आणि हात धुते. मनाला बरं वाटतं असं नाही. पण आश्रयाला आलेल्या जिवाला उपाशी ठेवून माझं मन स्वच्छ राहील, हेही मला पटत नाही.

म्हणून घरात एक ठरलं. जे तीन जीव आलेत, त्यांना त्यांच्या आयुष्यभर नीट सांभाळायचं. चौथा आणायचा नाही, आणि हे तीन गेल्यावर टाकी पुन्हा भरायची नाही. भाच्यालाही तसं सांगितलं आणि त्याने मान्य केलं.

तुमच्या घरी मूल टाकीसाठी हट्ट धरून बसलं असेल, तर दुकानात जाण्याआधी त्याला शेजारी घेऊन बसा आणि तीन गोष्टी एकत्र ठरवा. हा मासा मोकळ्या पाण्यात किती जागेत फिरतो? तो काय खातो, आणि ते आपल्या घरात येऊ शकतं का? दुसऱ्याने त्याला मारलं, तर पळून जायला त्याला जागा कुठे आहे? मुलं याचं उत्तर आपल्यापेक्षा लवकर देतात. माझ्या जावेच्या मुलीने टाकीकडे पाहत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चटकन दिलं, "काकू, काचेपर्यंतच." आता तिला मासे नको आहेत. तिने गच्चीवर चिमण्यांसाठी पाण्याचं पसरट भांडं ठेवलंय आणि रोज सकाळी पाणी गाळून ती ते स्वतः भरते.